मुळवे म्हणजे कुठले

मुळवे म्हणजे कुठले?
मला हे पहिलीत विचारलं गेलं,
बँकेत, दोनदा लग्नाच्या बोलणीत,
आणि सदरच्या शाळेत मराठी शिकवायला लागले त्या दिवशी
स्टाफरूममध्ये, चहा ओतता ओतता.
आडनावाच्या आड काय आहे
ते इथे प्रत्येकाला हवं असतं.
बाबा म्हणायचे, कामठीचे.
एवढं बोलून मोतीबागच्या भोंग्यावर सायकल काढायचे.

परवा लीट्रिमहून पत्र आलं.
तिकडच्या कुणी नोरा मल्व्ही, वय एक्याऐंशी,
अक्षर माझ्याहून सरळ.
लिहितात, आमच्याकडे गेलेल्यांची यादी आहे,
पोचलेल्यांची नाही.
शेतात बटाटे काळे पडले त्यानंतरचा फ्रान्सिस,
एकोणिसाव्या वर्षी कंपनीच्या पलटणीत गेला.
मद्रासचं जहाज, मग कामठी.
तिथे आमचा कागद संपतो.
त्याची आई मरेपर्यंत दाराला कडी लावत नसे म्हणे.

मल्व्ही. मोठ्याने म्हणून पाहिलं.
मल्व्ही, मुल्वी, मुळवे.
पगारपत्रकावर कुण्या कारकुनाने
परक्या ल-ला आपला ळ दिला
आणि एका सहीत आम्ही इथले झालो.
तीस वर्षं मी फळ्यावर ळ गिरवून घेतला,
आमच्या घरी तो उसना आलेला
हे ठाऊक नसताना.

नदीचं मूळ, ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात.
पण हा काही ऋषी नव्हता
(दारू पिऊन दोनदा कोठडी, असं नोराबाईंनीच लिहिलंय),
म्हणून भर मे महिन्यात डोक्याला दुपट्टा बांधून
कामठीला गेले.
दफनभूमीचा राखणदार म्हणाला,
इथं तं सारेच गोरे झोपून राहिले, बाई,
तुमचा कोणता?

बाभळीखाली निघाला. दगड तिरका, अर्धा मातीत,
त्यावर पुढचे पाय टेकून एक बकरी पाला ओढत होती.
बाटलीतलं पाणी ओतलं तशी अक्षरं वर आली:
नेटिव्ह ऑफ लीट्रिम.
साल झिजलेलं, नाव अर्धं,
तेवढं मात्र खोल कोरलेलं.

मग चर्चची वही.
फादर पंख्याच्या वाऱ्यात पानं दाबून धरत होते.
पोराच्या बाप्तिस्म्याची नोंद.
बाप: फ्रान्सिस मल्व्ही, शिपाई, पलटण, कंपनी, नंबर.
आई: अ‍ॅन, नेटिव्ह.

तोच शब्द.
त्याच्या पुढे एक गाव होतं,
तिच्या पुढे टिंब.

अ‍ॅन होण्याआधी तिला काय हाक मारायचे?
विणकरांच्या मोहल्ल्यातली होती,
की कन्हानपलीकडून टोपली घेऊन यायची?
तिच्या आईने त्या रात्री कडी लावली का?
लीट्रिमचं एक घर अजून विचारतंय.
तिचं घर चार कोसांवर असेल फार तर,
आणि तिथून पत्र येत नाही.

बाबा बटाटा सोलायचे
तेव्हा साल इतकी पातळ निघे की आरपार खिडकी दिसे.
ते लीट्रिम होतं
की महिन्याची सव्वीस तारीख,
आता कुणाला विचारू.

नोराबाईंना फोटो पाठवला, बकरीसकट.
खाली लिहिलं: पोचला.
बराच वेळ तेवढंच ठेवलं.
मग लिहिलं, इथे त्याने घर केलं.
घरात जी होती तिचं नाव शोधते आहे,
सापडलं तर तुमच्या यादीत
तिलाही जागा करा.

पोस्टातल्या पोराने पाकीट उलटं केलं,
पाठवणाऱ्याचं नाव वाचलं.
मुळवे? म्हंजे कुठले तुम्ही, म्याडम?

आधी वजन कर, मी म्हटलं.